एलपीएनला प्रवेश मिळेलही, पण पुढचं वर्ष कसं निभवायचं?

वाचकाचा प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देत आहे. वय एकोणचाळीस. महाराष्ट्रात बी.कॉम. करून काही वर्षं पतसंस्थेत नोकरी केली, मग लग्न आणि अमेरिका. बरीच वर्षं डिपेंडंट व्हिसावर गेली, आता ग्रीन कार्ड मिळालं आहे. मुलं अकरा आणि सात वर्षांची. शेजारच्या आजी खुब्याचं हाड मोडून रिहॅब सेंटरमध्ये होत्या, तेव्हा या त्यांना भेटायला जात. तिथे औषधं देणारी, ड्रेसिंग बदलणारी एलपीएन, म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, पाहून ‘हे काम मला जमेल’ असं त्यांच्या मनाने घेतलं. टीस ही प्रवेशपरीक्षा दिली, पण विज्ञानात गुण कमी पडले, म्हणून कम्युनिटी कॉलेजच्या वेटलिस्टवर नाव आहे. एका खाजगी संस्थेत लगेच जागा आहे. तिथली फी जवळजवळ तिप्पट आहे आणि ‘या आठवड्यात डिपॉझिट भरा’ असे रोज फोन येतात. नवरा म्हणतो, ‘करायचं तर आरएन कर, हे अर्धवट कशाला?’ (आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्स, एलपीएनच्या वरची पायरी.) नणंद फोनवर म्हणाली, ‘लोकांची घाण काढायला गेलीस का तिकडे?’ त्या विचारतात : “वय झालंय, गणित आणि इंग्रजी कच्चं आहे. एक वर्ष वाया घालवण्यापेक्षा खाजगीत प्रवेश घेऊन टाकू का?”

उत्तर

प्रिय ताई,

डिपॉझिट या आठवड्यात भरू नका. हे आधी सांगते, कारण फोनचा तगादा चालू असताना बाकीचं काही शांतपणे वाचवत नाही.

तुमचं पत्र जवळजवळ सगळं प्रवेशाबद्दल आहे : गुण, वेटलिस्ट, फी, वय. अभ्यासक्रम सुरू झाल्यावर घरात सकाळी कोण काय करणार, याबद्दल एक ओळही नाही. मला काळजी त्या न लिहिलेल्या ओळीची वाटते. प्रवेशाच्या अडचणी पुस्तक, शिकवणी आणि दुसरा प्रयत्न यांनी सुटतात. मधेच शिक्षण सोडावं लागतं ते बहुतेक वेळा झोप, मुलं, पैसे आणि घरच्यांची गृहीतकं यांच्यापायी. तुमच्यासारख्या हुशार, कष्टाळू बाया तिथे अडकतात आणि मग ‘माझंच डोकं कमी पडलं’ असं स्वतःला सांगत राहतात.

हा अभ्यासक्रम पूर्णवेळ केला तर साधारण वर्ष ते दीड वर्षाचा. ऐकायला छोटा वाटतो, पण त्यात शरीररचना, औषधशास्त्र, म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा, बाळंतपण, मुलांचे आजार, मानसिक आजार हे सगळं बसवलेलं असतं. क्लिनिकलच्या, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाच्या, दिवशी सकाळी साडेसहा-सातला वॉर्डात हजर राहावं लागतं, म्हणजे घरातून पावणेसहाला बाहेर. गैरहजेरी मोजकीच चालते. उत्तीर्ण होण्याची रेघ पस्तीस-चाळीस टक्क्यांवर नसते, बऱ्याच ठिकाणी ती पंचाहत्तरच्या वर असते. दोन विषय राहिले की कार्यक्रमातून नाव काढायचा नियमही अनेक शाळांत आहे.

आता तुमच्या घरात पावणेसहा वाजता काय चाललेलं असतं, ते डोळ्यांसमोर आणा. धाकट्याला बसपर्यंत कोण सोडणार? त्याला ताप आला आणि शाळेतून फोन आला, तर उचलणार कोण? बर्फामुळे शाळा दोन तास उशिरा उघडली, तर? आपल्याकडच्या पुष्कळ बायका घरच्यांची ‘परवानगी’ मिळाली की तेवढ्यावर खूश होतात आणि आधीची सगळी कामं तशीच अंगावर ठेवून वर हे शिक्षण घेतात. नवऱ्याने ‘कर की, मी कुठे नाही म्हणतोय’ म्हणणं आणि ‘मंगळवार-गुरुवारची सकाळ माझी, त्या दिवशी मी मीटिंग ठेवणार नाही’ म्हणणं, यांत फार अंतर आहे. तुम्हाला दुसरं वाक्य हवं आहे. ते कागदावर, आठवड्याच्या वेळापत्रकात, वारासकट लिहून घ्या. त्याखाली, दोघांनाही जमणार नाही अशा दिवशी मदतीला येतील अशी दोन नावंही लिहा. एखादं शेजारचं कुटुंब, मोठ्याच्या मित्राची आई, कोणीही. आणि त्यांना आधीच विचारून ठेवा.

गावाकडून आईला किंवा सासूबाईंना बोलावून घ्यायचा विचार बहुतेक घरांत निघतो. त्यांची मदत मोलाची असते. पण व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना एका वेळी सहसा सहा महिनेच राहता येतं आणि तुमचा अभ्यासक्रम त्याच्या दुप्पट किंवा तिप्पट. शिवाय त्यांना गाडी चालवता येत नसेल तर त्यांचा दवाखाना, देवळात जाणं, करमणूक हेही तुमच्याकडेच येतं. बोलवायचंच असेल तर सर्वांत जड सत्रासाठी बोलवा, पहिल्याच महिन्यात नव्हे.

आता ‘वाया जाणाऱ्या’ वर्षाकडे येते. माझ्या मते तुमच्या हातातली सगळ्यात चांगली गोष्ट हे वर्षच आहे.

त्यात सीएनए करा. सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटच्या प्रशिक्षणाला अमेरिकी केंद्र सरकारच्या नियमानुसार किमान ७५ तास लागतात. अनेक राज्यांत जास्त असतात, तरी ते काही आठवड्यांतच होतं. नर्सिंग होमने आधी नोकरीवर घेतलं असेल, तर प्रशिक्षणाची फी सहसा भरावी लागत नाही. मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांखाली चालणाऱ्या नर्सिंग होमला आपल्या नोकरदारांकडून ती घेता येत नाही. मग काही महिने शनिवार-रविवार काम करा. तुम्ही त्या आजींना भेटायला दुपारी जात होता, म्हणजे आंघोळी, डायपर, चादरी हे सगळं उरकल्यानंतर. सकाळी सहाचा वॉर्ड वेगळा असतो. परक्या पुरुषाला आंघोळ घालताना आपल्याला काय वाटतं, डिमेन्शिया झालेल्या बाईंनी हात झिडकारला तर आपला आवाज कसा होतो, आठ तास उभं राहिल्यावर घरी जाऊन पोळ्या लाटायचं त्राण उरतं का, हे कुठलीही प्रवेशपरीक्षा सांगत नाही. सीएनएचं काम पंधरा दिवसांत सांगतं. आवडलं तर वॉर्डात तुमचा पाय पहिल्या दिवसापासून घट्ट राहील. नाही आवडलं, तर हजारो डॉलर आणि मनस्ताप दोन्ही वाचतील आणि त्यात कमीपणा अजिबात नाही.

तुमच्या नणंदेच्या बोलण्याचं उत्तरही यातूनच निघेल. त्यांना ‘छे, तसलं काही नसतं’ असं सांगू नका, कारण ते खरं नाही. माणसाचं मलमूत्र या कामात आहे. एलपीएन झाल्यावरही आहे, आरएन झाल्यावरही आहे. आपल्या समाजात हे काम कोणी करायचं, याचे हिशेब फार जुने आणि फार अन्यायाचे आहेत आणि त्या वाक्यामागे तेच उभे आहेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला वेळेवर कूस बदलून देणं, कोरडं ठेवणं, त्याच्या पाठीवरचा लाल झालेला डाग इतरांआधी दिसणं, यावर त्याला जखम होणार की नाही हे ठरतं. बेडसोअर चिघळून माणसं दगावतात. हे कौशल्याचं काम आहे आणि ते करणाऱ्या माणसाला मान खाली घालायचं कारण नाही. नणंदेला पटेल तेव्हा पटेल. तुम्हाला आधी पटलेलं असू द्या.

याच वर्षात कागदपत्रं आणि लसी उरकून घ्या. आपल्या लोकांचं घोडं इथे हमखास अडतं. पहिली अडचण नावाची. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, मध्ये वडिलांचं. पासपोर्टवर सासरचं, मध्ये नवऱ्याचं. काहींचं तर लग्नात पाळण्यातलं नावही बदललेलं असतं. लायसन्सच्या परीक्षेला नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळावं लागतं, नाहीतर दारातून परत पाठवतात. विवाह प्रमाणपत्र, नावबदलाचं राजपत्र, जे असेल ते आत्ताच गोळा करा आणि इथे सगळीकडे एकच नाव वापरा. भारतातल्या गुणपत्रिकांचं मूल्यांकन नेसेस संघटनेच्या सदस्य संस्थेकडून करून घ्यावं लागतं, डब्ल्यूईएस ही त्यांतलीच एक. बोर्डाकडून आणि विद्यापीठाकडून सीलबंद कागद यायला महिने जातात.

दुसरं, क्षयाची चाचणी. लहानपणी बीसीजी टोचलेल्या आपल्यासारख्यांची त्वचेवरची चाचणी खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रेची धावपळ सुरू होते. त्याऐवजी रक्तावरची आयग्रा चाचणी चालेल का, ते शाळेला विचारा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसींची नोंद गावातल्या दवाखान्यात हरवली असेल, तर रक्तातल्या प्रतिपिंडांच्या तपासणीवर भागतं. हिपॅटायटिस बीच्या जुन्या पद्धतीच्या तीन डोसांना सहा महिने लागतात, म्हणून ते आधी सुरू करा. पार्श्वभूमी पडताळणी, ड्रग टेस्ट आणि बीएलएस सीपीआरचं, म्हणजे तातडीच्या जीवरक्षणाच्या प्रशिक्षणाचं, कार्ड शाळा सांगेल तेव्हा.

टीसचं इतकं मनाला लावून घेऊ नका. १७० प्रश्न, २०९ मिनिटं, चार भाग : वाचन, गणित, विज्ञान, इंग्रजी. विज्ञानात सर्वांत जास्त वजन शरीररचना आणि शरीरक्रियेला आहे. तुम्ही बारावी कॉमर्सची केलीत, म्हणजे दहावीनंतर हृदयाचे कप्पे तुम्हाला कोणी विचारलेच नाहीत. गुण कमी पडले ते त्यामुळे. कम्युनिटी कॉलेजात शरीररचनेचा एक सुटा विषय या सत्रात घ्या. टीसचे गुण वाढतील आणि पुढे नर्सिंगमधलं ओझंही कमी होईल. हा विषय पुढे आरएनसाठी धरला जाईल का, एवढं सल्लागाराला विचारून घ्या.

गणिताचं म्हणाल, तर पतसंस्थेत व्याज काढणाऱ्या आणि संध्याकाळी कॅश जुळवणाऱ्या बाईने ‘गणित कच्चं’ लिहिलेलं वाचून मला आश्चर्य वाटलं. इथलं गणित बहुतेक त्रैराशिकाचं असतं. डॉक्टरांनी ३७५ मिलिग्रॅम सांगितलं, गोळी २५० ची आहे, तर किती गोळ्या द्यायच्या? दीड. १००० मिलिलिटर सलाइन आठ तासांत जायचं आहे, नळीत एका मिलिलिटरला १५ थेंब पडतात, तर मिनिटाला थेंब किती? १००० गुणिले १५, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे ३१. शिवाय मिलिग्रॅम, लिटर, किलो आपल्या लहानपणापासूनचे. इथल्या कित्येक मुलांना तेच नव्याने शिकावं लागतं. तुम्हाला उलट पाउंड आणि औंस सवयीचे करायचे आहेत : एका किलोला २.२ पाउंड, एका औंसाला साधारण ३० मिलिलिटर. औषधमात्रेच्या गणिताच्या चाचणीत मात्र सूट नसते, नव्वद टक्के किंवा त्याहून वर मागतात. दशांश चिन्ह एक घर सरकलं तर औषध दहापट जातं, म्हणून ती कडकपणे घेतात आणि घ्यायलाच हवी.

इंग्रजीबद्दल थोडं वेगळं सांगते. तुमचा उच्चार मराठी असला तरी काही बिघडत नाही. अडचण येते ती फोनवर, घाईत, डॉक्टरांना रुग्णाची हकिगत सांगताना. त्यासाठी एसबार नावाची चौकट वापरतात : आत्ता काय झालं, आधीची पार्श्वभूमी काय, मला काय दिसतंय, मला तुमच्याकडून काय हवंय. मोठ्या मुलाला समोर बसवून रोज एक काल्पनिक रुग्ण त्याला सांगा. मुलांना यात मजा येते आणि तुमची जीभ मोकळी होते. सीएनएच्या कामातून म्हाताऱ्या माणसांचं बोलणंही कानावर पडेल, ते पुस्तकात सापडत नाही.

आता खाजगी संस्था. खाजगी म्हणजे वाईट असं नाही, काही उत्तम आहेत. पण रोज फोन करून घाई करणाऱ्या कुठल्याही शाळेला शांतपणे काही गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरं लेखी घ्यावीत. राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आहे का, हे त्यांच्या शब्दावर न ठेवता बोर्डाच्या यादीत स्वतः बघा, मान्यता नसेल तर लायसन्सची परीक्षा देण्यावरच प्रश्न येतो. पहिल्या प्रयत्नात एनक्लेक्स, म्हणजे हीच लायसन्सची परीक्षा, उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण बहुतेक राज्यांची बोर्डं शाळावार जाहीर करतात, तेही बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण वेळेत पूर्ण करतात, ते विचारा. कच्च्या विद्यार्थ्यांना परीक्षेआधीच गाळणाऱ्या शाळेचा निकाल छान दिसू शकतो. एसीईएनसारख्या, नर्सिंग अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं ॲक्रेडिटेशन आहे का, इथले क्रेडिट पुढे ब्रिज अभ्यासक्रमाला, म्हणजे एलपीएनवरून आरएन होण्याच्या अभ्यासक्रमाला, चालतात का, क्लिनिकल कुठल्या रुग्णालयात होतं आणि तिथे खरोखर रुग्ण हाताळायला मिळतात का, पुस्तकं-गणवेश-परीक्षा धरून एकूण रक्कम किती आणि दोन महिन्यांत सोडलं तर त्यातली किती परत मिळते, हेही.

मी उगाच घाबरवत नाही. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या काही नर्सिंग शाळांनी ७,६०० च्या आसपास बनावट पदविका विकल्याचं प्रकरण अमेरिकी न्याय खात्याने उघडं केलं. त्यानंतर अनेकांची लायसन्सं धोक्यात आली. अनेक राज्यांत सरकारी व्होकेशनल-टेक्निकल शाळाही एलपीएन शिकवतात आणि त्यांची फी कमी असते. तुमच्या परिसरात अशी आहे का ते शोधा आणि कम्युनिटी कॉलेजबरोबर तिथेही अर्ज टाका.

पैशाचं थोडक्यात : ग्रीन कार्ड असल्याने तुम्ही फाफ्सा, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज, भरू शकता. आधीची पदवी असलेल्यांना पेल हे परत न करावं लागणारं सरकारी अनुदान सहसा मिळत नाही, कर्ज मिळू शकतं. जवळच्या अमेरिकन जॉब सेंटरमध्ये जाऊन केंद्र सरकारच्या रोजगार-प्रशिक्षण निधीतून एलपीएनची फी मिळते का, हे नक्की विचारा. फार कमी लोक तिथे जातात. एच-४ या डिपेंडंट व्हिसावर असलेल्या वाचकांसाठी एवढंच, की शिकता येतं, पण वर्क परमिटशिवाय सीएनए म्हणूनही काम करता येत नाही. लायसन्ससाठी सोशल सिक्युरिटी क्रमांक लागतो का, हे आपल्या राज्याच्या बोर्डाला आधी विचारा.

तुमच्या नवऱ्याच्या ‘अर्धवट कशाला’ या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी झटकणार नाही. अमेरिकी श्रम खात्याच्या २०२४ च्या आकडेवारीत एलपीएनचं मध्यम वार्षिक वेतन ६२ हजार डॉलरच्या आसपास आहे, आरएनचं ९३ हजारांच्या. एलपीएनला मोठ्या रुग्णालयांत जागा कमी. बहुतेक काम नर्सिंग होम, घरपोच सेवा आणि क्लिनिकमध्ये. काय करता येतं, विशेषतः शिरेतून औषध देण्याबाबत, ते राज्यागणिक बदलतं. नर्सिंग होममध्ये एका एलपीएनकडे पंचवीस-तीस रुग्णांची औषधं असू शकतात. हे जड काम आहे.

पण त्यांच्या बोलण्यात एक गृहीत धरलेलं आहे, की एलपीएन झालात तर तिथेच थांबणार. थेट आरएनच्या दोन वर्षांच्या पदवीआधी शरीररचनेचे दोन भाग, सूक्ष्मजीवशास्त्र, इंग्रजी, मानसशास्त्र असे विषय लागतात. तुम्हाला ते सगळे करायचे आहेत, म्हणजे एकूण तीन वर्षं धरा आणि तोवर कमाई नाही. एलपीएन होऊन मग ब्रिज केलं तर एकूण वेळ तेवढाच किंवा थोडा जास्त लागेल, पण मधल्या काळात लायसन्स आणि पगार हातात असतो. काही नर्सिंग होम पुढच्या शिक्षणाला मदतही करतात. घरात तीन वर्षं एकाच पगारावर भागत असेल आणि वेळापत्रकाच्या त्या कागदावर नवरा सही करत असेल, तर थेट आरएनचा विचार जरूर करा, मला तो नापसंत नाही. भागत नसेल तर एलपीएन ही भक्कम पायरी आहे. हे उत्तर नवऱ्याच्या प्रतिष्ठेच्या कल्पनेवरून ठरू नये. बँकेचं स्टेटमेंट समोर घेऊन दोघांनी बसावं.

आणि प्रवेश मिळाल्यावर एका गोष्टीसाठी मन तयार ठेवा. आपण पाठांतरावर वाढलेली माणसं. इथे परीक्षेत चारपैकी दोन, कधी तीन उत्तरं बरोबर असतात आणि ‘आधी काय कराल’ असं विचारतात. चार खोल्यांतून घंटा वाजतेय : एकाला वेदना होताहेत आणि तो ओरडतोय, एकीला बाथरूमला जायचंय, एकाचं सलाइन संपलंय, एकजण शांत आहे पण त्याचा श्वास जलद झालाय. आधी त्या शांत माणसाकडे जायचं, मग आरएनला कळवायचं. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम हाडात मुरावा लागतो. पहिल्या चाचणीत साठ टक्के पडले तर रडत बसू नका, त्याच दिवशी शिक्षकांकडे जाऊन चुकलेला प्रत्येक प्रश्न समजून घ्या. रोज थोडे प्रश्न सोडवा आणि चुकीचं उत्तर का चुकलं, ते स्वतःच्या शब्दांत लिहा, मराठीत लिहिलंत तरी चालेल. शेवटची एनक्लेक्स-पीएन परीक्षा संगणक तुमच्या उत्तरांनुसार बदलत नेतो, ८५ ते १५० प्रश्न, वेळ पाच तास. प्रश्न अवघड होत चालले म्हणजे आपण बुडालो, असं समजू नका. अपयश आलं तर ४५ दिवसांनी पुन्हा देता येते.

वयाबद्दल मी काही लिहिलं नाही, कारण अडतीस-चाळीसच्या बायका या वर्गांत जागोजागी दिसतात. तुम्ही एकट्या नसाल.

या आठवड्यात तीनच कामं करा. खाजगी संस्थेला वर दिलेले प्रश्न ईमेलने पाठवा आणि उत्तर येईपर्यंत त्यांचे फोन उचलू नका. कम्युनिटी कॉलेजात फोन करून वेटलिस्टवर तुमचा क्रमांक कितवा आहे आणि टीसचे नवे गुण आले तर तो वर सरकतो का, ते विचारा. काही कॉलेजांत सरकतो, काहींत नाही आणि तुमचा पुढचा बेत त्यावर ठरेल. आणि रविवारी मुलं झोपल्यावर नवऱ्याबरोबर तो वेळापत्रकाचा कागद भरायला बसा. संस्थेचं उत्तर लेखी आलंच नाही, तर तिथला प्रश्न निकालात निघाला असं समजा. आलं, तर मला पुन्हा लिहा, त्यातल्या आकड्यांसकट.